कलम दोनशे बारा आणि माळ्यावरचं मांजर

बदलापूर, शनिवार, ९ जानेवारी १९५४

आमचा मेहुणा गुरुदत्त काल दुपारपासून फरारी आहे. हे वाक्य लिहून थोडा वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. वाक्यात दोष नाही. दोष असलाच तर मेहुण्यात आहे.

गुरुदत्त म्हणजे मालिनीचा धाकटा भाऊ. अंबरनाथला एका कारखान्यात रसायनांवर देखरेख करतो. दारूबंदी आल्यापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ: शास्त्रोक्त द्राक्षासव काढायचं आणि शक्तिवर्धक औषध म्हणून विकायचं. "परवाना?" मी विचारलं. "औषधाला कसला परवाना, अण्णा!" दिवाळीत तो एक जुना संस्कृत श्लोक घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला अन्वय लावून दिला: मनुका किती, गूळ किती, आणि 'धातकी' म्हणजे पळसाची फुलं. या प्रकरणात माझा संबंध तेवढाच. पाठशाळेतली विद्या कुणाच्या तरी उपयोगी पडली, याचा मला त्या दिवशी आनंदच झाला होता.

त्याने वालधुनीच्या काठी एका रिकाम्या गोठ्यात पिंप मांडलं. काल फौजदार धर्मराज मोहिते तिथे छापा घालायला गेले. गुरुदत्त बाहेर पळत होता, फौजदार आत घुसत होते आणि गोठ्याला दार एकच. धडक झाली आणि फौजदार पिंपात बसले. बसले म्हणजे खरोखरीच बसले. उपसून काढायला दोन शिपाई लागले. दारूचं कसंही होवो, पण सरकारी अंमलदाराच्या अंगावर हात टाकणं याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, असं कल्याणचे वकील सांगतात.

'उत्तर कोकण समाचार'चा या भागातला वार्ताहर मीच, तेव्हा बातमीही मलाच धाडावी लागली. 'एक तरुण' एवढंच लिहिलं. नातं लिहिलं नाही. मात्र कुणी सरळ विचारलं तर सांगावं लागेल, कारण मला खोटं बोलता येत नाही. याला सद्गुण म्हणू नये, हा शरीराचा दोष आहे. खोटं बोलायला लागलो की माझे कान लाल होतात. मालिनीने लग्नानंतर आठवड्याभरात हे ओळखलं आणि तेव्हापासून ती माझ्या तोंडाकडे न पाहता कानांकडे पाहून बोलते.

तिला बातमी सांगितली तेव्हा वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "पळताना पायात चपलाही नव्हत्या हो त्याच्या," आणि चुलीवर कढत पाणी ठेवायला गेली. भावाच्या तळपायांची किती ही काळजी! बहिणीचं मन न पाहताच सगळं पाहतं.

रविवार, १० जानेवारी

माळ्यावर मांजर शिरलं आहे.

आमचा माळा स्वयंपाकघर आणि मागची खोली या दोहोंवर पसरलेला. शिडी स्वयंपाकघरात. माझे गुडघे गेली काही वर्षं शिडीला नकार देत असल्यामुळे त्या प्रांतावर मालिनीची एकछत्री सत्ता आहे. आज जेवताना वर धप्पकन आवाज झाला.

"मांजर आहे," मालिनी म्हणाली.

"मोठं दिसतं."

"गाभण असेल."

मग वर कुणीतरी खोकलं. मी म्हटलं, "अगं, मांजर खोकतं का?"

"थंडी काय थोडी पडली आहे?"

हे पटण्यासारखं होतं. दुसऱ्यांदा भात मागितला तर संपला होता. ती म्हणाली, अंदाज चुकला. संसाराला एवढी वर्षं झाली, हिचा अंदाज आज पहिल्यांदा चुकला. भावाच्या काळजीने दुसरं काय होणार? मी ताकावर भागवलं.

गुरुवार, १४ जानेवारी. संक्रांत

फौजदार मोहिते तिळगूळ घ्यायला आले. म्हणजे निमित्त तिळगुळाचं. अजून त्यांच्या अंगाला मनुकांचा मंद वास येतो. ओटीवर येऊन बसले तेव्हा दोन मधमाश्याही मागोमाग आल्या. मी हे बोलून दाखवलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते उमटलं असावं.

"हसा, शास्त्रीबुवा, हसा," ते म्हणाले. "पण त्या मेहुण्याला जो कोणी आसरा देईल ना, तो भाऊ असो, बहीण असो, नाहीतर साक्षात सासरा असो, त्यालाही आत बसवल्याशिवाय राहणार नाही. तिकडे अंबरनाथला त्याच्या बायकोच्या दारात शिपाई बसवलाय मी. नाथाला. रात्रंदिवस."

"अवश्य बसवा," मी म्हणालो. "मला कळलं तर पहिली बातमी तुम्हाला, दुसरी संपादकांना."

हे मी मनापासून म्हणालो. कान जागच्या जागी होते. माझ्या कानांची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक आहे; फौजदारांनीही ते पाहून घेतलेसे वाटले. मालिनीने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "घ्या, गोड बोला." त्याच क्षणी माळ्यावर मांजर शिंकलं.

"काय हो?" फौजदार.

"मांजर," मी म्हणालो. कान पुन्हा जागच्या जागी. ते निश्चिंत होऊन गेले. सत्यवादी माणसाच्या शब्दाला केवढं वजन असतं, याचा अनुभव येऊन बरं वाटलं. मालिनी मात्र बराच वेळ भिंतीला टेकून उभी होती. दगदग फार होते तिची सणावारी.

लाडवांचा डबा निम्मा झाला आहे. मुंग्यांचं काम, असं ती म्हणते.

मंगळवार, १९ जानेवारी

कल्याणच्या कोर्टात गेलो होतो. मांजर्लीच्या बुधाजीचा खटला. बांधाच्या भांडणात त्याने शेजाऱ्याचा हात मोडला आणि पुढे आठवडाभर स्वतःच्याच खळ्यात भाताच्या पेंढ्याच्या उडवीत लपून राहिला. त्याची बायको ठमाबाई, जी आमच्याकडे वालपापडी घालते, तिने त्याला लपवलं. भाऊ हरिचंद्र भाकरी पोचवत होता. पोलिसांनी तिघांनाही उभं केलं.

आणि इथे कायद्याने मोठी मौज केली. कलम दोनशे बारा: गुन्हेगाराला जाणूनबुजून आसरा देणं हा गुन्हा. पण त्याला एक अपवाद आहे. आसरा देणारी बायको असेल, किंवा बाई गुन्हेगार असून तिला लपवणारा तिचा नवरा असेल, तर गुन्हा नाही!

मॅजिस्ट्रेटनी ठमाबाईला विचारलं, "तू याची बायको कशावरून?"

ती म्हणाली, "सायेब, बारा वर्सा याचा घोरना ऐकतंय. बायको नसती त कवाच पलाली असती."

कोर्टात हशा. ठमाबाई सुटली. हरिचंद्राने हात जोडले, "मी सख्खा भाव हाय, सायेब." मॅजिस्ट्रेट म्हणाले, भाऊ कायद्यात बसत नाही. पंधरा दिवस साधी कैद.

ही हकीगत जेवताना मालिनीला साद्यंत सांगितली. माझं बोलणं ती सहसा हूं हूं करत ऐकते. आज मात्र आमटीची पळी तशीच हातात धरून उभी.

"भावाला सूट नाही?"

"नाही."

"आणि आईला?"

"नाही."

"बहिणीला?"

"बहिणीचं तर नावसुद्धा नाही. सख्खी असो की चुलत. कायदा रक्ताचं नातं मानत नाही, सप्तपदीचं मानतो. फिरंग्यांनी केलेला कायदा, पण पाहा, विवाहसंस्कारावर त्यांची श्रद्धा आपल्याहून..."

"आणि बहिणीच्या नवऱ्याला?"

"तो तर परकाच!" मी हसून म्हणालो. "चांगला आत जाईल."

ती हसली नाही. आमटी माझ्या पानात वाढायची ती पाटावर वाढली. स्त्रियांना कायद्याची एवढी गोडी असते हे मला आज कळलं. पिनल कोडाचं मराठी भाषांतर वकिलांकडून मागून आणलं आहे. उद्या तिला त्यातलं आणखी समजावून सांगेन.

बुधवार, २० जानेवारी

पिनल कोड टेबलावर नाही. शोधशोध शोधलं. शेवटी पिठाच्या डब्यावर सापडलं. कलम दोनशे बाराच्या पानात तिळाचे दाणे. मुंग्यांनी तिथवर मजल मारली म्हणायची.

सकाळी ठमाबाई मागच्या दारी बसली होती. मी विहिरीवर तोंड धूत होतो, तेव्हा कानावर आलं.

"मना इचारशील त, बाय, चुलीचा बग," ठमाबाई सांगत होती. "वकील बोलला, जेची चूल तेचा घर. माजा दीर माज्या चुलीवर भाकरी टाकीत असता त गोष्ट येगली. पन तो आपले घरशी भाकर घेऊन आला. तितंच फसला."

"म्हणजे चूल वेगळी हवी," मालिनी.

"चूल येगली, दार येगला. आनि चार बायांनी बगितला पायजे. कागदावर कोन इस्वास ठेवतंय?"

बहुधा हरिचंद्राच्या घरच्या वाटणीबद्दल बोलत असाव्यात. मी गेलो तसं दोघी वालपापडीबद्दल बोलू लागल्या.

शुक्रवार, २२ जानेवारी

मालिनीने आज अचानक काढलं: सुनेत्राला इथे आणू या. सुनेत्रा म्हणजे गुरुदत्तची बायको. दारात शिपाई, शेजाऱ्यांची तोंडं, पोरगी एकटी. हे सगळं खरं. मी म्हटलं, राहू दे की आपल्यात.

"आपल्यात नाही. भाडेकरू म्हणून. मागची खोली तिची. दार परसातून आहेच. मधलं दार बंद करून टाकू. चूल तिची वेगळी."

"अगं, भावजयीकडून भाडं?"

"महिन्याला एक नारळ घेऊ. पण घ्यायचाच."

"आणि पौषात नवी चूल मांडायची?"

या बाईने पौषात कधी केरसुणीसुद्धा विकत घेतलेली नाही. मी हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "देवाला समजतं." देवाला समजत असेल. मला समजलं नाही.

या अंकात 'कायद्याच्या चार गोष्टी' या सदरात कलम दोनशे बारा अपवादासकट छापून आलं आहे. भाषा सुलभ साधली आहे.

रविवार, २४ जानेवारी

सुनेत्रा आली. एक पेटी, एक तुळशीची कुंडी आणि मागे चालत नाथा शिपाई. त्याला आता आमच्या ओटीवर बसायचा हुकूम आहे. वार्ताहराच्या दारात सरकारी पहारा म्हणजे एक मान आहे, असं मी मालिनीला म्हणालो. ती म्हणाली, "त्याला दोन वेळा चहा देत जा, म्हणजे पुढच्या दारी बसेल."

मधलं दार बंद झालं. शिडी स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत गेली. मी कारण विचारलं.

"पायात येते."

इतकी वर्षं येत नव्हती.

मागच्या खोलीत सुनेत्राने मातीची चूल मांडली आणि मालिनी तिला स्पष्ट शब्दांत म्हणाली, "हे बघ, आजपासून हे घर तुझं. इथे कोण येतं, कोण जेवतं, कोण झोपतं, मला ठाऊक नाही. मी विचारणार नाही."

"बरं, वन्सं," सुनेत्रा म्हणाली, आणि दोघीही एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. नणंद-भावजयीत इतका व्यवहार आणि इतकं प्रेम एकाच वेळी मी पाहिलं नव्हतं.

शुक्रवार, २९ जानेवारी

घरात बदल जाणवतो. भात आता पुरतो, उरतोसुद्धा. मांजर स्वयंपाकघराच्या वरून उठून मागच्या खोलीच्या बाजूला गेलेलं दिसतं. संध्याकाळी तिकडून हसण्याचा आवाज येतो. बिचारी सुनेत्रा. नवरा परागंदा झालेला आणि ही एकटीच हसते. मनावर परिणाम तर झाला नसेल?

मालिनीला म्हटलं, तर म्हणाली, "हसू दे हो. नवं लग्न आहे."

याचा संबंध लागला नाही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

आज आमच्याकडे हळदीकुंकू. गावातल्या झाडून साऱ्या बायका आल्या. मी नियमाप्रमाणे ओटीवर हद्दपार. पण ओटीच्या टोकावरून परस आणि सुनेत्राचं उघडं दार दिसत होतं.

मालिनीने दर बाईला आधी आपल्याकडचं वाण दिलं, मग हात धरून परसातून फिरवून सुनेत्राच्या दारी नेलं. "ही आमची भाडेकरू हो. हिची चूल वेगळी. हिच्याकडचंही हळदीकुंकू घ्या." प्रत्येकीला हेच, अगदी याच शब्दांत. एखाद्या गोष्टीची दवंडी पिटायची तर तीही इतकी नीट पिटली जात नाही.

फौजदारीणबाई अंबरनाथहून मुद्दाम टांग्याने आल्या होत्या. त्यांना मालिनीने सुनेत्राच्या खोलीत, चुलीच्या समोर पाटावर बसवलं. मान मोठा दिला. पण एक गोष्ट खटकली. सुनेत्राची खरकटी ताटं तिथेच मांडून ठेवलेली. एक नाही, दोन. शेजारी एक पुरुषी धोतर वाळत. मी तिथूनच मालिनीला खूण केली की ते जरा आत सारा, बाहेरचं माणूस आलंय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि धोतर आणखी पसरून घातलं.

फौजदारीणबाईंनी वाण घेतलं, ताटं पाहिली, धोतर पाहिलं आणि लगबगीने निघाल्या. टांग्यात बसताना म्हणाल्या, "मालिनीताई, तुमची भाडेकरू एकटीच राहते ना?"

"मला काय माहीत? तिची चूल वेगळी."

रात्री जेवताना मालिनी म्हणाली, "उद्या अवस आहे. परवापासून माघ लागतो. बरं झालं."

"का?"

"पौषात कुणाचं काही होऊ नये."

गुरुवार, ४ फेब्रुवारी

क्रमाने लिहितो.

सकाळी मी पूजेला बसलो होतो. फौजदार मोहिते चार शिपाई घेऊन आले. पुढच्या दाराकडे न येता सरळ परसात. मी उघडाच धावलो. सुनेत्रा दारात उभी. डोक्यावरून पदर घेतलेला, पण आवाज खणखणीत.

"कोण पाहिजे?"

"तुमचे यजमान."

"आत आहेत."

मी म्हणालो, "सुनेत्रा, अगं काय बोलतेस! फौजदारसाहेब, पोरीच्या मनावर..."

तेवढ्यात शिडीवरून दोन अनवाणी पाय खाली आले. मग धोतर. मग जाळ्याजळमटांत गुंडाळलेला आमचा गुरुदत्त. वजन वाढलेलं.

"नमस्कार, अण्णा," तो म्हणाला. "मांजर सापडलं."

मी तुळशीच्या कट्ट्यावर बसलो.

"कुणी लपवला याला?" फौजदार ओरडले. त्यांची नजर सुनेत्रावरून मालिनीकडे आणि मालिनीवरून माझ्याकडे आली.

"मी," सुनेत्रा म्हणाली. "माझं घर, माझी चूल. मी यांची बायको. लावा काय लावायचं ते कलम."

फौजदारांनी माझ्याकडे बोट केलं. "शास्त्रीबुवा! ते तुमच्याच लेखात होतं. अपवादासकट!"

"आणि घर वेगळं हे कशावरून?" त्यांनी पुन्हा मालिनीला धरलं.

"गावाला विचारा," मालिनी म्हणाली. "परवाच सगळ्यांनी तिच्याकडचं वाण नेलं. तुमच्या घरी एक कुंकवाचा करंडा असेल बघा. पितळी. तो तिच्याच घरचा."

फौजदार मान हलवून म्हणाले, "ठीक आहे. पण हा तुमच्या भावजयीकडे आला कधी? त्याच्या आधी कुठे होता? ते मी काढीनच. कोर्टात काढीन." आणि हे म्हणताना ते माझ्या कानांकडे पाहत होते.

शनिवार, ६ फेब्रुवारी

बुद्धी मंद असली तरी ती चालते, हे माझ्या स्वतःबद्दलचं मत पक्कं झालं. काल दिवसभर मी नुसता जोडत होतो. कढत पाणी. चपला. भात. खोकला. तिळाचे दाणे.

सुनेत्रा आली त्याच्या कितीतरी आधीपासून मांजर वर होतं. तेव्हा चूल एकच होती. मालिनीची.

आणि बहीण कायद्यात बसत नाही, हे तिला हसत हसत सांगणारा मीच.

कोर्टाचं समन्स आलं आहे. मला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. मालिनीला काही विचारावं असं फार मनात येतं. ती पाणी भरते, मी तिच्याकडे पाहतो, ती माझ्या कानांकडे. पण विचारलं तर ती सांगेल. ती मला कधी खोटं सांगत नाही. (मांजर सोडून.) आणि एकदा तिने सांगितलं की कोर्टात शपथेवर मला तेच सांगावं लागेल. म्हणून विचारत नाही. ओठ घट्ट मिटून ठेवले आहेत. तिनेही. आमच्या घरात एवढी शांतता कधी नव्हती. वर मांजरही नाही.

हरिचंद्राला पंधरा दिवस झाले होते. मालिनीला कोर्टाच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली मी डोळ्यांसमोर आणून पाहिली. जेवण गेलं नाही.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

कोर्ट. सर्वांत आधी सरकारी रसायनतज्ज्ञाचा अहवाल वाचला गेला. पिंपातला द्रव आंबलाच नव्हता! आंबवण्याला धातकीची, म्हणजे धायटीची फुलं लागतात; त्यात पळसाची निघाली. मादकता नाही, नुसतं गुळाचं पाणी. गुरुदत्तने आरोपीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडे अशा कृतज्ञतेने पाहिलं की मला मान फिरवावी लागली. धातकीचा अर्थ पळस असाही कुठेतरी असेल. शोधीन.

उरला फौजदारांचा धक्का. त्यावर वाद चालू असतानाच सरकारी वकिलांनी मला पुकारलं. शपथ झाली. मालिनी मागच्या बाकावर. शेजारी सुनेत्रा, आणि पलीकडे वालपापडीची टोपली मांडीवर घेऊन ठमाबाई.

"भाडेकरू यायच्या आधी तुमच्या माळ्यावर कोण होतं?"

"पत्नी म्हणाली, मांजर आहे."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. माझे गुडघे चढत नाहीत."

"आवाज ऐकला?"

"होय. खोकल्याचा."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला. "खोकणारं मांजर?"

"वयस्कर असेल, असं मला वाटलं."

कोर्टभर हसू. सरकारी वकील पुढे आले. "शास्त्रीबुवा, या भागातली खडान्‌खडा बातमी तुम्ही छापता. आणि तुमच्या घरात माणूस राहतो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं तुम्ही शपथेवर सांगता?"

"होय."

"हे आम्ही खरं मानावं?"

"मानू नका, पण ते खरं आहे."

फौजदार पुढे वाकून माझ्या कानांकडे पाहत होते. कान गारच होते, दोन्ही. मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो. जे मागाहून मनात जुळवलं, ते कुणी विचारलं नाही; आणि विचारलं नाही ते सांगावं असं शपथेत कुठे आलं नाही, हे मी वाचून ठेवलं होतं.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "या साक्षीदाराच्या अज्ञानाबद्दल न्यायालयाला शंका उरली नाही." एवढं म्हणून त्यांनी माझ्या हयातभरच्या पत्रकारितेवर निकाल दिला. बहीण-बिहीण यांचा प्रश्न तिथेच मिटला.

गुरुदत्तला दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. कोर्ट साडेपाचला उठलं. तो बाहेर आला तेव्हा फौजदारांनी त्याला दारात अडवलं. आम्ही सगळे घाबरलो. फौजदार म्हणाले, "तो वास जायला काय लावायचं, तेवढं सांग."

बुधवार, १७ फेब्रुवारी

गुरुदत्त-सुनेत्रा अंबरनाथला परत गेली. जाताना सुनेत्राने मालिनीच्या हातात एक नारळ दिला. भाडं.

आता विचारायला हरकत नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? तुमचे कान आणि तुमचा संपादक, दोघांना कोण सांभाळणार होतं?" ती तांदूळ निवडत होती, वर पाहिलं नाही. मग म्हणाली, "शिवाय त्या कलमात बहिणीचा नवरा नाही. मी दोनदा वाचून काढलं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्हीही आत गेला असता. मी गेले असते ते गेले असते. तुम्हाला तिथे ताक कोण देणार?"

या बाईला मी पंधरवडाभर कायदा समजावून सांगत होतो.

दुपारी गुडघ्यांना न जुमानता शिडी चढलो. माळ्यावर चटई, विड्यांची थोटकं, माझं हरवलेलं पंचांग आणि एका डब्यात तीन तिळगुळाचे लाडू. मुंगी एकही नाही.

डबा घेऊन खाली आलो. मालिनीसमोर ठेवला. म्हटलं, "मालिनीबाई, सुनेत्रा यायच्या आधीपासून आपण एका फरारी इसमाला आसरा दिला. आपण त्याची बहीण. म्हणजे आपण कलम दोनशे बाराच्या गुन्हेगार. आणि हे सगळं जाणून मी आपल्याला घरात ठेवून घेतलं आहे."

तिने पहिल्यांदा हातातला तांदूळ खाली ठेवला. "मग?"

"मी नवरा आहे. मला अपवाद लागू आहे."

ती माझ्या कानांकडे पाहत राहिली. मग पदराने डोळे पुसून हसली, आणि मी एक लाडू तिला दिला, दोन मी खाल्ले. तिसरा खाताना ध्यानात आलं की आपण पुरावा नाहीसा करत आहोत. त्या कलमात नवरा-बायकोला सूट आहे की नाही, पाहायचं राहिलं. पुस्तक तिच्याकडे आहे.